चौदावं तोंड

"कायसा, ही घे. यंदा ग्रीसगन तुझ्याकडे," आजोबा म्हणाले.

हेल्मीचा हात पुढे गेलेलाच होता. तो तसाच हवेत राहिला. मग कुणाला कळू नये म्हणून तिनं त्याच हातानं नाक खाजवलं. पण आर्वोला कळलंच. नऊ वर्षांच्या भावांना नको ते नेमकं कळतं.

"ताई, नाक झालं, आता कान पण खाजवून घे!"

"गप रे!"

अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या, चार जुलैच्या मिरवणुकीला तीन दिवस उरले होते. शेडमध्ये आजोबांची गाडी पुढची चाकं वर करून भक्कम लोखंडी घोड्यांवर उभी होती. एकसष्ट सालची, लोण्याच्या रंगाची, लांबलचक स्टेशन वॅगन! हेमलॉक पॉइंटमध्ये आजोबांचं आडनाव न कळणारी माणसं होती, पण ती गाडी न ओळखणारं एकही नव्हतं. हिवाळाभर ती ताडपत्रीखाली झोपायची, कारण इथं बर्फ वितळावं म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते मीठ जुन्या पत्र्याला वाळवीसारखं खातं. उन्हाळ्यात ती जागी व्हायची, आणि मिरवणुकीआधी तिचं जेवण व्हायचं.

जेवण म्हणजे ग्रीस. आपण स्टिअरिंग फिरवलं की ते वळण चाकापर्यंत नेणारे दांडे असतात, आणि खड्ड्यात चाक आपटलं की वरखाली होणारे सस्पेन्शनचे हात असतात. या गाडीच्या त्या सगळ्या सांध्यांवर एकेक बारीक बोंड होतं. त्याला ग्रीसगनची नळी चिकटवायची आणि दांडा दाबायचा. अशी बोंडं चौदा. आजोबा त्यांना 'तोंडं' म्हणत.

"चौदा तोंडं आहेत बरं का घरात. एकही उपाशी राहता कामा नये!" हे त्यांचं दरवर्षीचं वाक्य.

आणि दरवर्षीचा नियमसुद्धा ठरलेला होता. ज्याच्या हाती ग्रीसगन, त्याची मिरवणुकीत आजोबांशेजारची सीट. गेली तीन वर्षं ती सीट हेल्मीची होती. तिथून ती रस्त्याच्या कडेच्या मुलांवर गोड गोळ्यांच्या मुठी उधळायची, आणि आजोबा हळूच म्हणायचे, "डावीकडच्या त्या छोट्यापर्यंत पोचल्या नाहीत, अजून एक मूठ!"

आता तिथं कायसा बसणार. दहा दिवसांपूर्वी शहरातून आलेली मावसबहीण. तेरा वर्षांची, कमरेपर्यंत वेणी, पांढरेशुभ्र बूट. आली आणि घरभर कायसा, कायसा! वेलदोड्याच्या गोड पावाचा कडेचा खरपूस तुकडा जन्मापासून हेल्मीचा. तोही आई आता कायसाच्या ताटात वाढायची. 'पाहुणी आहे ती.' पाहुणी म्हणे! पाहुणे दोन दिवस राहतात. ही सप्टेंबरपर्यंत मुक्कामाला होती.

"आणि मी काय करू?" हेल्मीनं विचारलं.

"तुझ्यासाठी दुसरं काम काढलंय मी," आजोबा म्हणाले. मार्चमध्ये त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. गाडीखाली आडवं व्हायला डॉक्टरांनी साफ मनाई केली होती, म्हणून ते दाराशी स्टुलावर बसले होते. त्यांच्या कोटाच्या खिशातून पांढऱ्या दोऱ्याचा गुंडा डोकावत होता. "ते काम असं आहे, की..."

"नको मला दुसरं काम!"

हेल्मी बाहेर पडली, ती थेट शेडच्या मागच्या भिंतीला पाठ टेकून बसली. रडायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. ते ठरवणंही तिला जेमतेमच जमलं.

भिंतीच्या फळ्यांमधून आवाज येत होता. चुईं, चुईं, चुईं. एका तोंडाला तीन दाब. हेल्मीच्या बोटांनी आपोआप मोजायला सुरुवात केली. चार झाली, सात झाली. मध्येच कायसा खोकली. आर्वो म्हणाला, "तुझ्या नाकावर ग्रीस आहे!" अकरा. बारा. तेरा.

मग काहीच नाही. गाडीखालची सरपट इकडून तिकडे, तिकडून इकडे.

"झाली का गं सगळी?" आजोबांनी विचारलं.

"हो..." कायसा थांबली. "चौदा!"

हेल्मी ताडकन ताठ बसली. चौदा? तेरा! तिच्या बोटांनी आजवर कधी चूक केली नव्हती. खोटारडी!

आणि त्या क्षणी तिला जो आनंद झाला, तो काही चांगल्या जातीचा आनंद नव्हता. लगेच सांगायचं नाही, तिनं ठरवलं. चार तारखेला सगळं गाव जमेल, कायसा ऐटीत सीटवर बसायला निघेल, तेव्हा विचारायचं, "कायसाबाई, चौदावं तोंड कुठं आहे, दाखवता का जरा?"

*

दुसऱ्या दिवशी आजोबांनी तिघांना दुधासाठी दुकानापर्यंत फेरी मारायला नेलं. वीसच्या वेगानं, बदकासारखी डुलत गाडी निघाली. हेल्मी मुद्दाम मागं बसली. मागं बसलं तरी तिचे डोळे स्टिअरिंगवर होते, आणि तिला पहिली गोष्ट खटकली. स्टिअरिंगचा मधला दांडा सरळ रस्त्यावर नेहमी आडवा असायचा, तराजूसारखा. आज तो उजवीकडं कलला होता. गाडी सरळ, स्टिअरिंग तिरकं!

दुसरी गोष्ट दुकानाच्या वळणावर. टक्.

"हा कसला आवाज?" कायसानं पुढून मान वळवली.

आजोबांना तो ऐकू आला नाही. लाकडाच्या गिरणीत तीस वर्षं काढल्यावर बारीक आवाजांनी त्यांच्या कानांशी फारकत घेतली होती.

"जुन्या गाड्या बोलतात," हेल्मी म्हणाली. "तुम्हा शहरातल्यांना नाही कळायचं."

कायसानं मान पुन्हा पुढं वळवली. हेल्मीला बरं वाटलं. मग जरा कमी बरं वाटलं. उपाशी तोंड कुईं करतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. टक् कोण करतं?

परतताना पुन्हा. टक्.

आणि ती काहीच बोलली नाही.

*

मिरवणुकीच्या आदल्या दिवशी दुपारी शेडमध्ये कुणी नव्हतं. गाडी आता आपल्या चार चाकांवर उभी होती. हेल्मीनं चाकांना पुढून मागून लाकडी ठोकळे लावले, टॉर्च घेतला आणि पोटावर सरपटत गाडीच्या पुढच्या अंगाखाली शिरली. कायसानं सोडलेलं तोंड तिला शोधायचं होतं. पुरावा हवा ना हातात!

एकेका तोंडाभोवती ताज्या ग्रीसचा टिळा होता. नीटनेटका. कुठं जास्त नाही, कुठं सांडलेलं नाही. 'माझ्याहून सुबक,' हेल्मीच्या मनात आलं, आणि तिला भयंकर राग आला. दहा, अकरा, बारा, तेरा... आता उरला डाव्या चाकाजवळचा सांधा. स्टिअरिंगचा दांडा जिथं चाकाला धरतो तो. टाय रॉडचं टोक.

टॉर्चचा उजेड तिथं पडला आणि हेल्मी आणखी पुढं सरपटली.

तिथं तोंडच नव्हतं! सांधाही आधीचा नव्हता. बाकी सगळं लोखंड कॉफीच्या किटलीसारखं काळंभोर, आणि हा एकटा नवाकोरा, चकाकता. आतच कायमचं ग्रीस भरून बंद केलेला, नव्या पद्धतीचा. कायसानं कुणाला उपाशी ठेवलंच नव्हतं. तिला तेराच तोंडं सापडली, कारण गाडीला आता तेराच होती!

पण खरी धडकी पुढं भरली. सांधा चाकाशी बांधणाऱ्या नटाच्या वरच्या कडेला खाचा असतात. त्या खाचांमधून, बोल्टच्या भोकातून, एक दोन पायांची पिन आरपार घालतात आणि तिचे पाय दुमडतात. कॉटर पिन. ती असली की नट जागचा हलत नाही, गाडी कितीही हादरू दे. तीन वर्षांत हेल्मीनं ती पिन शंभरदा पाहिली होती.

इथं भोक रिकामं होतं. टॉर्चचा उजेड त्यातून पलीकडं जात होता. तिनं नटाला बोट लावलं. नट फिरला. नुसत्या बोटानं!

टक् कोण करतं, ते तिला कळलं.

नट पडला की सांधा निसटणार. सांधा निसटला की आजोबा स्टिअरिंग फिरवतील, आणि डावं चाक त्यांचं ऐकणार नाही. उद्याची मिरवणूक चर्चच्या टेकडीवरून सुरू होते. तिथला उतार नाकासमोर थेट सरोवरात जातो, आणि दोन्ही बाजूंना मुलंच मुलं असतात, गोळ्या वेचायला पुढं सरकलेली.

काल तिनं टक् ऐकलं होतं. दोनदा. आणि 'शहरातल्यांना नाही कळायचं' म्हणाली होती.

*

"तेरा!" हेल्मी धापा टाकत म्हणाली. "तू तेराच मोजलीस ना?"

कायसा सौनाच्या, म्हणजे दगड तापवून वाफ घ्यायच्या लाकडी खोपटाच्या, पायरीवर बसली होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला. "सांगितलंस का आजोबांना?"

"आधी उत्तर दे!"

"हो, तेराच!" कायसाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "मी दोनदा शोधलं. वाटलं, माझंच चुकतंय. तू बाहेर बसून हसत असशील, म्हणून म्हटलं चौदा. तुला सगळं येतं. मला या घरात कुठला चमचा कुठं ठेवायचा तेही माहीत नाही!"

"मी हसत नव्हते," हेल्मी म्हणाली. "मी... जाऊ दे. पण तुझं काय अडलंय? सगळे तर तुझ्याच मागे असतात! आई, आजोबा. पावाचा कडेचा तुकडासुद्धा."

"मला मुळात कडेचा तुकडा आवडतच नाही!" कायसानं बाहीनं नाक पुसलं. "आणि मागे कोण असतं गं? बाळ आलं आणि मला इथं धाडून दिलं. रोज फोनवर आई काय सांगते? आज त्यानं जांभई दिली. जांभई! मी गणितात पहिली आले ते मला दोनदा सांगावं लागलं. पहिल्यांदा तिनं ऐकलंच नव्हतं."

हेल्मी तिच्याशेजारी पायरीवर बसली. हे सगळं तिच्या ओळखीचं होतं. हे फक्त आपल्यालाच होतं, असं तिला वाटत होतं.

"चल," ती म्हणाली. "काहीतरी भयंकर दाखवायचंय."

गाडीखाली शेजारी शेजारी पडून दोघींनी तो बिनपिनेचा नट पाहिला. कायसानं पांढऱ्या बुटांची पर्वा केली नाही, हे हेल्मीनं पाहिलं, पण बोलून दाखवलं नाही.

"हा नवा सांधा बसवला कुणी?" कायसा कुजबुजली.

"आजोबांनी नक्कीच नाही. ते खाली येऊच शकत नाहीत. ताडपत्री काढल्यापासून कालच्या फेरीआधी गाडी बाहेर गेली ती एकदाच. एस्कोमामा सौनाचे दगड आणायला घेऊन गेला होता, जूनच्या दुसऱ्या शनिवारी."

"शनिवार म्हणजे सौनाचा दिवस."

"हो, मग?"

दोघी बाहेर आल्या, तेवढ्यात सरोवराच्या धक्क्यावरून आर्वोची तक्रार ऐकू आली. "तासभर बसलोय, एक मासा लागेल तर शपथ! गळच भिकार आहे!" दोरीच्या टोकाला तो काहीतरी हलवत होता. दोन पायांची, एका टोकाला गोल डोकं असलेली, चकचकीत...

"आर्वो!!" दोघी एकदम किंचाळल्या. बिचारा पाण्यातच पडायचा!

"मी चोरला नाही! सौनाच्या कपडे काढायच्या खोलीत, खिडकीतल्या साबणाच्या ताटलीत होता. कधीचा पडून होता! कुणाला नको होता!"

हेल्मीनं पिन हातात घेतली. नवी कोरी, पाय अजून सरळ. कधी वापरलेलीच नाही. आणि मग सगळं तिच्या डोळ्यांसमोर उलगडलं, जणू मामा समोरच उभा आहे.

एस्कोमामासारखा जीव लावणारा माणूस गावात दुसरा नव्हता. पण हातातलं काम शेवटापर्यंत नेणं त्याला कधी जमलं नव्हतं. त्याच्या कुंपणाला शेवटच्या दोन फळ्या नव्हत्या. त्याच्या होडीचं नाव अर्धंच रंगवलेलं होतं. त्या शनिवारी दगड आणताना तो खड्ड्यात गेला असणार, सांधा वाकला असणार. कुणाला कळायच्या आत नवा आणून बसवायला घेतला, नट हातानं फिरवला, आणि तेवढ्यात हाक आली, "एस्को, सौना तापली!" आता हेमलॉक पॉइंटमध्ये घर जळत असलं तरी चालेल, पण तापलेल्या सौनाला आणि आत बसलेल्या माणसांना ताटकळत ठेवायचं नाही. पिन हातातच घेऊन तो पळाला. पिन ठेवली साबणाच्या ताटलीत, 'नंतर घालू'. वाफ घेतली, सरोवरात बुडी मारली, पोटभर जेवला, आणि...

"आणि विसरला!" कायसा म्हणाली.

*

"मामा, तू आजोबांच्या गाडीच्या पुढच्या चाकाला हात लावला होतास का?" तिघांनी एस्कोमामाला गाठलं आणि हेल्मीनं विचारलं.

"मी?" एस्कोमामाचे कान लालबुंद झाले. "दगड आणले, गाडी जागेवर ठेवली. बस्स! कुणी सांगितलं तुम्हाला?"

मग तिघं आजोबांकडं धावली. हेल्मीनं एका दमात सगळं सांगितलं. नट, भोक, टक्. पिन दाखवायचं मात्र घाईत राहूनच गेलं. आजोबांनी एस्कोमामाला हाक मारली, "जरा वाकून बघ रे, पोरी काय म्हणतायत." मामा शेडमध्ये जाऊन अर्ध्या मिनिटात परत आला. "ठणठणीत आहे, बाबा!" वाकला कसला, गुडघासुद्धा टेकला नव्हता!

"बघितलंस? आणि काल आपण फेरी मारून आलो ना?" आजोबा म्हणाले. मग त्यांनी हेल्मीला जवळ ओढलं. त्यांचा आवाज मऊ होता, म्हणूनच तो जास्त लागला. "पोरी, तीन दिवस बघतोय मी. कायसाच्या कामात खोट काढायची फार घाई झालीय तुला. हे शोभत नाही आपल्याला."

"आजोबा, ती खरं बोलतेय!" कायसा मध्ये पडली.

"तू तिची बाजू घेऊ नकोस, बाळ. घाबरायचं कारण नाही."

हेल्मीला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. सगळ्यात वाईट म्हणजे, आजोबांचं अर्धं खरं होतं. खोट काढायलाच तर ती गाडीखाली शिरली होती!

*

चार जुलै उजाडला. निशाण फडकलं, बँडवाले ट्रॉम्बोन घासत टेकडीवर निघाले. अंगणात लांब टेबलावर कॉफी, गोड पाव आणि मांस-बटाट्याच्या मोठ्या करंज्यांसारख्या पास्टी मांडलेल्या. आणि आजोबा शेडच्या दारात उभे.

"चावी कुठं आहे? खिळ्यावर नाही."

सगळे एकमेकांकडं बघू लागले. हेल्मी पुढं झाली.

"माझ्याकडं आहे. देणार नाही."

"हेल्मी!" आई ओरडली.

आजोबांनी रिकाम्या खिळ्याकडं बोट केलं. "चावी लपवणारा माझ्या गाडीत बसत नाही. पुढं नाही, मागंही नाही. ठाऊक आहे ना?"

तीन वर्षांची सीट. यंदाची नाही, पुढच्या वर्षीची नाही, कदाचित कधीच नाही.

"नका बसवू. पण आधी सगळ्यांनी एकेक कप कॉफी घ्या. मग देते."

"कॉफी?" एस्कोमामा खदखदून हसला. "ही अट आपल्याला मंजूर!"

आता एस्कोमामाची कॉफी पिण्याची रीत जुनी होती. कपातली कॉफी बशीत ओतायची, साखरेचा खडा दातांत धरायचा आणि डोळे मिटून भुर्रकन ओढायची. कप त्याला भरून दिला कायसानं. 'मामाला मीच वाढते,' असं इतकं गोड म्हणाली, की कुणाला शंकाच आली नाही. बशीवर रुमाल घडी करून ठेवायला ती विसरली नाही, आणि रुमालाखाली काय ठेवायचं तेही. आर्वो टेबलाखाली शिरला होता आणि हसू आवरायला स्वतःचाच हात चावत होता.

मामानं रुमाल उचलला, इकडंतिकडं गप्पा मारत बशीत कॉफी ओतली, खडा दातांत धरला, डोळे मिटले. भुर्र... खट्!

"अयाई गं, दात!" त्यानं ओठांतून ती वस्तू काढून उन्हात धरली. "अरेच्चा! ही इथं कशी आली? ही मी साबणाच्या..."

आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. साखरेचा खडा टपकन बशीत पडला.

"साबणाच्या ताटलीत. ना, मामा?" कायसानं विचारलं.

"कशाची असते हो ही पिन?" टेबलाखालून आर्वो.

दूर टेकडीवर बँडनं एक चुकीचा सूर काढला.

"बाबा," एस्कोमामा उठला. "गाडी हलवू नका. मी... अरे देवा! मी ती घातलीच नाही!"

पुढचं सगळं भराभरा झालं. गाडीचं नाक जॅकवर उचललं, खाली घोड्या लावल्या. मामानं डावं चाक दोन्ही बाजूंनी धरून हलवलं. टक्! टक्! आता चाकावर हात ठेवलेल्या आजोबांनाही ते हातातून कळलं. मामा खाली सरपटला आणि क्षणात बाहेर आला. तळहातावर नट होता. पान्याला हातच लावावा लागला नव्हता.

"दोन आटे," तो पुटपुटला. "फक्त दोन आट्यांवर होता, बाबा."

आजोबांनी नट घेतला. त्यांनी चर्चच्या टेकडीकडं पाहिलं. उताराच्या दोन्ही कडांना रंगीत टोप्यांची रांग लागली होती. ते स्टुलावर बसले. मग म्हणाले,

"एस्को, सांधा वाकला हे सांगितलं असतंस, तर मी चार शब्द सुनावले असते. चार शब्दांना घाबरलास तू?"

"तुमच्या गाडीला धक्का लागला म्हणून..."

"माझ्या गाडीला!" आजोबा म्हणाले. "गाडीत माझ्या नाती बसणार होत्या, गाढवा!"

मग त्यांनी हात पुढं केला. "हेल्मी, इकडे ये. काल मी तुला नको ते बोललो."

हेल्मी जमिनीकडं बघत होती. चूप राहिली असती तर चाललं असतं. पण तिला ते चालेना.

"नको ते नाही, आजोबा. मी आधी कायसाला पकडायलाच गेले होते खाली. आणि टक् मी त्याच्या आदल्या दिवशीच ऐकलं होतं. सांगितलं नाही."

"हं," आजोबा म्हणाले. "मग आज चावी का लपवलीस? सीट जाईल हे ठाऊक असून?"

"ती मुलं..." हेल्मीनं टेकडीकडं बोट दाखवलं.

"बस, तेवढं पुरे." आजोबांनी खिशातून पांढऱ्या दोऱ्याचा गुंडा काढला. "हे तुझं दुसरं काम. तीन दिवस खिशात घेऊन हिंडतोय. ग्रीसगनला हात लागतात, दोऱ्याला डोळे लागतात. चाकं सरळ बसलीत का, हे मी आयुष्यभर दोऱ्यानं पाहिलं. आता बारीक दोरा माझ्या डोळ्यांना नीट दिसत नाही. एस्कोला शिकवलं, तर तो अर्धीच बाजू मापेल!"

सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं एस्कोमामा.

नट घट्ट आवळला. पिन आरपार गेली आणि तिचे पाय दुमडले. ते काम कायसानं केलं, कारण तिचा हात सुबक होता, आणि हे हेल्मीनं मोठ्यानं सगळ्यांसमोर सांगितलं. मग गाडी खाली उतरवून थोडी मागंपुढं ढकलली, म्हणजे चाकं आपल्या जागी नीट बसतील. गाडीच्या दोन्ही अंगांना, मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोरा ताणला. हेल्मी गुडघ्यांवर बसून एक डोळा मिटून बघायची. "अजून केसभर आत... थांब, मामा, जास्त झालं! बाहेर... थांब!" मामा घामाघूम होऊन दांडा फिरवत होता आणि निमूट ऐकत होता.

"केवढी कडक आहे ही!" तो कण्हला.

"काम पुरं होईपर्यंत सोडायची नाही ती," आजोबा म्हणाले. "तू बघून शिक."

त्यांनी स्टिअरिंगकडं पाहिलं. मधला दांडा तराजूसारखा आडवा झाला होता.

*

मिरवणूक कधीच पुढं गेली होती. लोण्याच्या रंगाची वॅगन सगळ्यात शेवटी लागली, घोड्यांच्याही मागं, म्हणजे रस्त्यावर काय काय चुकवावं लागलं ते सांगायला नको! चावी लपवणाऱ्याचा नियम आजोबा त्या दिवसापुरता विसरले. पुढची सीट बाकड्यासारखी लांब होती. खिडकीशी कायसा बसली, ग्रीसगन तिची होती म्हणून. मध्ये हेल्मी. एस्कोमामा शिक्षा म्हणून गाडीच्या मागून पायी, खांद्यावर आर्वोला घेऊन.

उताराच्या कडेला फायर ब्रिगेडच्या प्रमुख उभ्या होत्या. आजोबांनी गाडी थांबवून त्यांना सगळी हकीकत ऐकवली. "ही कायसा आणि ही हेल्मी. या दोघींमुळं आज तुमच्या गाड्यांना सुट्टी आहे!"

प्रमुखांनी दोघींना कडक सॅल्यूट ठोकला. पण कायसाचं नाव आधी का? हेल्मीला बारीकसं टोचलं. अगदी बारीक. मग कायसानं गोळ्यांची मूठ तिच्या ओंजळीत रिकामी केली आणि ते टोचणं कुठं गेलं, कळलं नाही.

संध्याकाळी कायसाच्या आईचा फोन आला. या वेळी फोनवर कायसाच बोलत सुटली होती, आणि पलीकडून कुणी मधे बोलत नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "पुढच्या वर्षी बाळाला इथं घेऊन ये, आई. त्याला शिकवायला लागेल. तेरा तोंडं असतात, आणि..."

बाहेरून एस्कोमामा आत डोकावला. त्याच्या हातात जुन्या पद्धतीचा एक सांधा होता. त्यावर चकचकीत बोंड.

"सत्तर मैल जाऊन आणला," तो म्हणाला. "आत्ता बसवतो. पिनसकट!"

"आज शनिवार आहे, मामा," हेल्मी म्हणाली. "सौना तापलीय."

मामानं सौनाच्या धुराड्याकडं पाहिलं. हातातल्या सांध्याकडं पाहिलं. एक खोल उसासा सोडला.

"थांबू दे तिला," तो म्हणाला, आणि शेडकडं निघाला.

हेमलॉक पॉइंटमध्ये असं आजवर कुणी म्हणालं नव्हतं!

हेल्मीनं कायसाच्या हातातला फोन ओढून घेतला. "मावशी, ऐकलंस का? तेरा नाही! चौदा!"